वशिंडाचा मासा

सिंहमुखी सोनमाशाला पाठीवर पर नसतो. हे वाक्य मी एकसष्ट आणि बासष्ट या दोन सालांत, अकोला आणि अमरावती मिळून, निदान चारशे लोकांना ऐकवलं असेल. त्यांपैकी एकाच्याही तोंडून "असं का?" आलं नाही. बहुतेकांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि विचारलं, "मंग पडला कोठी?"

पडला नाही. तो मुळातच नसतो. चिनी लोकांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून तो घालवला आहे. पाठ घासलेल्या पाटीसारखी गुळगुळीत, अंग आखूड आणि गोल, शेपूट दुहेरी, आणि डोक्यावर पिकलेल्या तुतीसारखी मांसल वाढ. त्या वाढीला आयाळ समजून सिंहमुखी हे नाव पडलं. हा मासा फार नाजूक. पर नसल्यामुळे वळताना कलंडतो, डोकं जड असल्यामुळे थांबला की तोंडावर येतो, आणि पाणी एकदम गार किंवा एकदम गरम झालं तर पोट वर करून तरंगतो. असा प्राणी अकोल्यात पाळावा असं ज्याला वाटलं तो मी. प्राणिशास्त्राचा पदवीधर, कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर, वय तेवीस. आणखी काही सांगण्यासारखं त्या वेळी माझ्यात नव्हतं.

सुरुवात एका जाहिरातीनं झाली. अमरावतीच्या शेती व पशुप्रदर्शनात पुढच्या जानेवारीपासून 'शोभिवंत मासे' असा नवा विभाग उघडणार होता. पहिल्या क्रमांकाला चांदीचा कप आणि प्रशस्तिपत्रक. मी ताबडतोब कार्यालयाला लिहिलं की परीक्षण कोणत्या नियमांनी होईल ते कळवावं. उत्तर एका ओळीचं आलं: "नियम असल्यास पाठवावेत."

नियम होते. आमच्या विभागप्रमुखांनी एका इंग्रजी मासिकातलं पान मला जपून ठेवायला दिलं होतं. त्यावर सिंहमुखीला गुण कसे द्यायचे याचा तक्ता होता. डोक्याला तीस, पाठीला वीस, शेपटीला वीस, पोहण्याला पंधरा, रंगाला पंधरा, आणि खाली दोषांची यादी. मी त्याचं मराठी केलं, एका फुलस्केपवर, दोन्हीकडे समास सोडून, चिनी शाईत, आणि एक प्रत अमरावतीला पाठवली. सातवा नियम असा होता: "पाठीवर पराचा अवशेष, काटा अथवा उंचवटा आढळल्यास नमुना बाद." हा नियम मला सगळ्यात आवडला. बाकीचे नियम मोजमाप करत होते, हा न्याय करत होता.

मुंबईहून मासे येण्याआधी काचेची टाकी करायची होती. घड्याळांच्या दुकानांना काचेची कपाटं करून देणारा एक कारागीर मला कोणीतरी सुचवला. त्यानं सुंदर टाकी केली. तिच्यात घड्याळं ठेवली असती तर शंभर वर्षं टिकली असती. पाणी ओतल्यावर ती पाऊण तास टिकली. मी माडीवर राहत असे. खाली घरमालकीण भागीरथाबाईंची कोठी होती. त्या जिन्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या मासोयीनं माह्या गव्हाले पानी देल्लं."

"मासोळी अजून आलेली नाही," मी म्हणालो.

"याच्या आधीच हे हाल हायेत तं आल्यावर काय होईन बापा."

डांबर, शेंदूर आणि जवसाचं तेल यांची लांबी करून सांध्यांत भरली, तेव्हा टाकी गळायची थांबली. मग पाण्याचा प्रश्न. आमचा भाग खारपाणाचा. विहिरीचं पाणी इतकं खारट की त्यात डाळ शिजत नाही. नळाचं यायचं ते आपल्या मर्जीनं. या विषयावर गल्लीत सात मतं होती आणि ती मला रोज सकाळी कॉलेजला जाताना क्रमानं ऐकावी लागत. खाली राहणाऱ्या एका वकिलांचं मत होतं की मासा समुद्रातला असतो, त्याला खारंच बरं. मी त्यांना सांगितलं की हा गोड्या पाण्यातला आहे. ते म्हणाले, "ते तुम्ही म्हणता."

जुलैत मासे आले. पत्र्याच्या डब्यात दोन, बोटाच्या दोन पेरांएवढे. वहीत मी त्यांची क्रमांक एक आणि क्रमांक दोन अशी नोंद केली. क्रमांक एकची पाठ निर्दोष होती. क्रमांक दोनच्या पाठीच्या मध्यावर तीन मिलिमीटरचा उंचवटा होता, जिथं पर असायला हवा नेमका तिथं. सातवा नियम मी दोनदा वाचला आणि क्रमांक दोनला एका बरणीत घालून प्रयोगशाळेत पुंजाजींकडे नेऊन दिलं.

पुंजाजी आमच्या प्रयोगशाळेचे चपराशी. सव्वीस वर्षं नोकरी झालेली. विच्छेदनासाठी आणलेले बेडूक परीक्षेच्या दिवसापर्यंत जिवंत ठेवायचं काम त्यांचं, आणि ते कसं करतात हे विभागप्रमुखांनाही सांगता आलं नसतं. मी विद्यार्थी असताना मला ते माझ्या नावानं, "अरे भगवंत" अशी हाक मारत. मला नोकरी लागल्या दिवसापासून "मास्तर" म्हणू लागले, आणि त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

"मास्तर, हा जित्ता हाय," ते म्हणाले.

"हो. फॉर्मॅलिनमध्ये घालून ठेवा. सदोष नमुना म्हणून मुलांना दाखवता येईल."

"बिमार हाय काय?"

"नाही. पाठीवर उंचवटा आहे, बघा."

पुंजाजींनी बरणी खिडकीशी धरली आणि डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. "याले तं वशिंड हाय," ते म्हणाले.

मी त्यांना समजावलं की हा दोष आहे. बैलाच्या खांद्यावरचं वशिंड वेगळं. ते ऐकून घेत होते, पण मान हलवत नव्हते. "ज्याले वशिंड नाई तो बैल नाई, मास्तर. तो रेडा होय. तुमी घरी रेडा ठेवला अन् बैल मारासाठी मले देल्ला." मग म्हणाले, "मी घेऊन जाऊ काय याले?"

नमुना कॉलेजच्या नोंदवहीत चढवलेला नव्हता, त्यामुळे नियमाला बाधा येत नव्हती. मी हो म्हणालो.

पुंजाजींचं घर मोर्णा नदीच्या पलीकडे. अंगणात गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोणी होती, गुरं नव्हती. मासा तिच्यात सोडला आणि त्याचं नाव सोन्या ठेवलं. मी महिनाभरानं सहज पाहायला गेलो तर डोणीतलं पाणी पालकाच्या भाजीसारखं हिरवं झालेलं. मासा दिसेना. पुंजाजींनी डोणीच्या काठावर खिळा वाजवला, तेव्हा हिरव्यातून एक तांबडं तोंड वर आलं आणि त्यांच्या बोटांवरून ज्वारीच्या पिठाची गोळी घेऊन खाली गेलं.

"हे पाणी बदला," मी म्हणालो.

"कावून? त्याले चालते."

त्यांच्या बायकोनं, केशरबाईंनी, आतून सांगितलं, "मास्तर, यायले काई सांगू नका. पोट्ट्याईचं न्हानं कधी यायनं पाह्यलं नाई, पन त्या मासोयीसाठी नालीतून अळ्या गाळून आनते हा मानूस."

त्या दिवशी पुंजाजींनी मला विचारलं, "मास्तर, अमरावतीले यालेबी नेता येईन काय?" आणि मग सांगितलं. तरुणपणी ते तेल्हाऱ्याकडे एका पाटलाचे बैल राखत. दोन वर्षं एका खिलाऱ्याला चोळून, सरकी घालून, शिंगं तासून तयार केला आणि प्रदर्शनात नेला. बैल पहिला आला. पाटलाला फेटा बांधला, कागद दिला. "मी कासरा धरून होतो," पुंजाजी म्हणाले, त्यात काही तक्रार नव्हती. "बैल पाटलाचा होता, कागद पाटलालेच भेटीन. पन हा तं माहा हाय. पयला आला तं कागदावर माहं नाव येईन. भिताडाले लावीन. मार्चात मी सुटतो, मास्तर. सव्वीस सालात माहं नाव कागदावर दोनदा आलं. हजेरीपटावर, अन् त्या मेमोवर."

मेमो काचेचं एक मोठं भांडं फोडल्याबद्दलचा होता. ते भांडं दुसऱ्या वर्षाला असताना मी फोडलं होतं. ते मी तेव्हा सांगितलं नाही, कारण परीक्षा होती. नंतर सांगितलं नाही, कारण परीक्षा होऊन गेली होती.

आता मी त्यांना सातवा नियम सांगायला हवा होता. मी स्वभावानं काटेकोर माणूस आहे. थर्मामीटर वाचताना मी दशांशही सोडत नाही. पण त्या अंगणात मी एवढंच म्हणालो, "नियम जरा कडक असतात." मनात माझा हिशेब असा होता की या हिरव्या पाण्यात हा मासा थंडीपर्यंत टिकत नाही. मग सांगायची वेळच येणार नाही.

ऑक्टोबरात क्रमांक एकच्या डोक्यावर वाढ दिसू लागली. आधी दोन बारीक पुळ्या, मग गालांवर, मग सगळ्या डोक्यावर. मी आनंदानं रोज मोजत होतो. दुर्दैवानं त्याच सुमारास भागीरथाबाई भाडं मागायला वर आल्या, टाकीसमोर थबकल्या आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"मास्तर, याले माता आल्या."

मी सांगितलं की या देवी नाहीत, ही जातीची खूण आहे, हिच्यासाठी तीस गुण आहेत. त्या म्हणाल्या, "असं बोलू नये, आईले राग येते." दुपारी मी कॉलेजात असताना त्यांनी टाकीवर कडुनिंबाचे डहाळे बांधले, दारात पाणी शिंपडलं आणि घरात नऊ दिवस फोडणी बंद केली. खाली चार बिऱ्हाडं होती. सगळ्यांची फोडणी माझ्यामुळे बंद झाली. वकिलांनी मला जिन्यात अडवून विचारलं की मासा किती दिवस असा राहणार. शिवाय माता घरात असताना पुरुषानं दाढी करायची नाही. मी बंड करून वस्तरा काढला तेव्हा भागीरथाबाई दारात बसून रडू लागल्या. त्यांचा एक मुलगा देवीनं गेला होता, हे मला तेव्हा कळलं. मी वस्तरा ठेवून दिला. नऊ दिवस दाढी वाढवून मी कॉलेजात लसीकरणाचा इतिहास शिकवला.

कडुनिंबाची थोडी पानं पाण्यात पडली होती, म्हणून मी सगळं पाणी बदललं. नव्या पाण्यात कडूपणा उरला की काय या शंकेनं दुसऱ्या दिवशी पुन्हा बदललं. काचेवर किंचित हिरवं दिसलं, ते घासून काढलं. डिसेंबरात थंडी पडली तेव्हा टाकीखाली कंदील ठेवला, पाणी तापलं, मग बर्फ आणला. तपमान दिवसातून सहा वेळा लिहिलं. नोंदी इतक्या सुंदर झाल्या होत्या की मासा मेला तेव्हा आलेखाची रेघ मध्येच तुटली याचंच मला आधी वाईट वाटलं. मी विच्छेदन केलं. कोणताही रोग आढळला नाही. वहीत मृत्यूच्या कारणापुढे मी बराच वेळ काही लिहिलं नाही, आणि शेवटी लिहिलं: "निगा."

सोन्या जिवंत होता. त्याच्या डोणीवर केशरबाई थंडीत पोतं पांघरत असत, एवढीच त्याची निगा.

मासा नसल्यामुळे मी स्पर्धेतून बाहेर झालो होतो. तेवढ्यात अमरावतीहून लिफाफा आला: आपण पाठवलेले नियम समितीनं मान्य केले असून ते नियम जाणणारी दुसरी व्यक्ती उपलब्ध नसल्यामुळे आपली परीक्षक म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. मी ते पत्र भागीरथाबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ज्याचा मेला त्यालेच पंच केलं काय?" मी पत्र घडी करून ठेवलं.

जानेवारीत पुंजाजी आणि मी एकाच गाडीनं निघालो. परीक्षकानं स्पर्धकाबरोबर प्रवास करू नये असं मला वाटत होतं, पण माझी रिकामी टाकी मीच त्यांना दिली होती आणि ती दोन माणसांशिवाय उचलत नव्हती. सोन्या तांब्याच्या घागरीत, वर ओलं फडकं. स्टेशनावर पार्सलबाबूनं घागर अडवली.

"मासळी आहे का? बर्फ कुठं आहे?"

"जिवंत आहे," मी म्हणालो.

"मासळी बर्फाशिवाय चढवता येत नाही. वास येतो."

"जिवंत माशाला बर्फात ठेवलं तर तो मरेल."

"मग वासाचा प्रश्न येईल, म्हणून तर बर्फ," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात एक वर्तुळ होतं, आणि ते भूमितीच्या दृष्टीनं निर्दोष होतं. मी नियमपुस्तक मागितलं. मी ते वाचत असताना पुंजाजी घागर डोक्यावर घेऊन, पिण्याचं पाणी नेणाऱ्या माणसासारखे, सरळ डब्यात जाऊन बसले.

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती. प्रदर्शनाच्या मांडवात नोंदणीचा कारकून बैलांचेच छापील अर्ज भरत होता. माशांचे छापून आले नव्हते.

"जात?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"माही का मासोयीची?" पुंजाजी म्हणाले. "माही तं छप्पन सालीच सोडली. मासोयीची मास्तरायले इचारा."

कारकुनानं मान वर केली, पुंजाजींकडे पाहिलं, आणि मी सांगितलं तसं "सिंहमुखी" लिहिलं.

"दात किती?"

"सोनमाशाचे दात घशात असतात," मी म्हणालो.

"घशात असोत की पोटात. किती?"

ते मला माहीत नव्हतं. परीक्षक म्हणून माझी पहिली मानहानी तिथं झाली. पुढे शिंगं नाहीत, दूध नाही, नांगराला चालतो की नाही याला फुली. मग रकाना आला वशिंडाचा. कारकून उठला, टाकीशी गेला, वाकून पाहिलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. परत येऊन त्यानं लिहिलं: "उत्तम."

मीही तेव्हाच सोन्याला प्रथम स्वच्छ पाण्यात पाहिलं. सहा महिने हिरव्या पाण्यात वाढलेला तो मासा मुठीएवढा झाला होता. डोक्यावरची वाढ पापण्यांपर्यंत उतरलेली, अंग तकतकीत, शेपूट पसरली की धुतलेल्या पातळाच्या पदरासारखी सावकाश मिटणारी. पाठीवरचा उंचवटाही वाढला होता. क्रमांक एक वळताना कलंडायचा. हा कलंडत नव्हता. ते मी पाहिलं, आणि वहीत टिपूनही ठेवलं.

माझ्याबरोबर दोन परीक्षक होते. एक गुरांचे डॉक्टर आणि दुसरे मोर्शीचे संत्र्यांचे बागायतदार महादेवराव, जे फळांचं परीक्षण आटपून, हात पुसत, माशांकडे आले होते. एकूण सात नोंदी. चार साधे गोल्डफिश, एका बाटलीत गप्पी, मोर्शीच्या तळ्यातला एक मरळ, जो शोभिवंत कसा हे कोणी विचारलं नाही, आणि सातवा सोन्या.

महादेवराव सोन्यापुढे आले आणि तिथंच थांबले. "हा तं मृग बहाराच्या संत्र्याचा रंग हाय," ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "वशिंड पाहा कसं मधोमध बसलंय. पाहायचं काय राहिलं? पहिला."

"पयला," महादेवराव म्हणाले. "मास्तर, तुमचं काय?"

माझ्या वहीत तोवर अठ्ठ्याऐंशी गुण झाले होते. मी खिशातून फुलस्केप काढला आणि सातवा नियम वाचून दाखवला.

"म्हंजे वशिंड हाय म्हून बाद?" महादेवरावांनी विचारलं.

"हो."

"कोनाचा नियम हाय हा?"

"आंतरराष्ट्रीय," मी म्हणालो. मासिकाच्या पानावर असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "अहो, जनावर निरोगी आहे, देखणं आहे. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत वशिंडापायी बाद झालेलं जनावर मी पाहिलं नाही."

महादेवराव माझ्या जवळ आले. चांगला माणूस. आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, हा नियम साऱ्या वऱ्हाडात तुमच्याशिवाय कोनाले माहीत हाय?"

"कोणालाच नाही."

"मंग तो कागद खिशात ठेवा ना, बापा."

यावर मी जे बोललो ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "शास्त्रात खिशात ठेवण्याची सोय नसते." वाक्य चांगलं जमलं होतं, म्हणून मी ते थोडं मोठ्यानं म्हणालो. दोरीच्या पलीकडे, चार हातांवर, पुंजाजी उभे होते. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, आणि हात असे समोर धरलेले की कोणी काही दिलं तर लगेच घेता यावं.

माझेच नियम समितीनं मान्य केले होते, त्यामुळे माझंच म्हणणं राहिलं. बाकीचे सहा मासे सिंहमुखी नव्हते. त्यांना तो तक्ता लागू होत नाही, हेही मी दाखवून दिलं. थोड्या वेळानं कर्ण्यावरून जाहीर झालं, "शोभिवंत मासे. क्रमांक सात, पुंजाजी, मुक्काम अकोला, बाद. पारितोषिकास पात्र नमुना नाही." सांगणाऱ्याला ते नाव आवडलं असावं, कारण त्यानं ते दोनदा सांगितलं. टाकीवर 'बाद' अशी चिठ्ठी लागली आणि संध्याकाळपर्यंत माणसं बैल सोडून बाद मासा पाहायला येत राहिली. "काहून बाद झाला गा?" "काई तं केलं असन त्यानं." चांदीचा कप परत पेटीत कशाला घालायचा म्हणून समितीनं तो पाच किलोच्या एका पपईला दिला.

पुंजाजी माझ्याजवळ आले. मी बोलायला तोंड उघडलं तर तेच म्हणाले, "आपली गाडी किती वाजता हाय, मास्तर?"

परतीच्या गाडीत एका शेतकऱ्यानं घागरीत डोकावून विचारलं, "कोनाचा हाय हो मासा?"

"कॉलेजचा नमुना हाय," पुंजाजी म्हणाले. "मास्तरायचा."

त्यानंतर ते माझ्याशी पूर्वीसारखेच वागले. वेळेवर येत, बेडूक जिवंत ठेवत, मास्तर म्हणत. मला त्यांनी एक शब्द ऐकवला असता तर मी उत्तर दिलं असतं; माझ्याकडे उत्तराचे चार मुद्दे तयार होते. ते दोन महिने तसेच तयार राहिले.

एकतीस मार्चला पुंजाजी निवृत्त झाले. हार, नारळ आणि विभागप्रमुखांचं पाच मिनिटांचं भाषण, ज्यात त्यांचं नाव एकदा पुंडलिक झालं. त्यानंतरच्या आठवड्यात अमरावतीच्या समितीनं पत्र पाठवून नियमांची आणखी एक प्रत मागवली. ती करायला मी मासिकाचं मूळ पान काढलं. दहा महिन्यांनी मी ते इंग्रजी पुन्हा वाचत होतो. सातव्या दोषापुढे लिहिलं होतं: गंभीर दोष; पंधरा गुणांपर्यंत वजा करावेत.

बाद हा शब्द तिथं नव्हता. पानावर कुठंच नव्हता.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. अठ्ठ्याऐंशीतून पंधरा गेले, त्र्याहत्तर. त्याच संध्याकाळी विभागाच्या टाइपरायटरवर मी प्रशस्तिपत्रक टाइप केलं: श्री. पुंजाजी यांचा सिंहमुखी सोनमासा परीक्षणात त्र्याहत्तर गुण मिळवून प्रथम क्रमांकास पात्र ठरला. खाली माझी सही परीक्षक म्हणून, विभागप्रमुखांची साक्ष म्हणून, आणि विभागाचा शिक्का. दुसऱ्या दिवशी सकाळीच मोर्णा ओलांडून गेलो.

पुंजाजी अंगणात बाजेवर बसले होते. मी सगळं सांगितलं, काही न गाळता. काचेच्या भांड्याचंही सांगितलं. भांड्याचं त्यांना माहीत होतं. "तुमीच फोडलं होतं, मले दिसलं होतं," ते म्हणाले. "पोट्टं साल गमावन म्हून बोललो नाई."

मग त्यांनी कागद हातात घेतला. ते अक्षर लावून वाचत. आपल्या नावाशी पोचल्यावर थोडे थांबले आणि पुढे गेले. वाचून झाल्यावर विचारलं, "इंग्रजीत 'बाद' नव्हतं?"

"नव्हतं. गुण कापायचे होते."

"मंग तुमी 'बाद' कावून लिवलं?"

मी खरं ते सांगितलं. "ओळ मोठी होत होती. समासात जात होती. आणि तो शब्द ठसठशीत वाटला."

पुंजाजींनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. "ठसठशीत तं हाय," ते म्हणाले. "कर्ण्यावर लय दूर गेला. तेल्हाऱ्याचे लोकं आले होते जत्रेले. त्यायनं ऐकला."

केशरबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि कप ठेवून आत गेल्या. पुंजाजींनी कागद घडीवर घडी जुळवून माझ्या हातात परत दिला, कॉलेजात एखादी महत्त्वाची फाइल द्यावी तसा, दोन्ही हातांनी.

"हा तुमच्यापाशीच राहू द्या, मास्तर. हे तुमी मले घरी येऊन देऊन राहिले. मले तो तथी, मांडवात, पायजे होता."

मी चहा प्यालो. पुंजाजींनी मला नदीच्या उतारापर्यंत पोचवलं आणि उन्हाचं जपून जा म्हणाले.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर तारीख आहे, शिक्का आहे, दोन सह्या आहेत, दोन्हीकडे सारखे समास आहेत. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.